शुद्ध पाणी कुणासाठी? नीरेचं खोरं, फिश टँक आणि आरओ



आजचा विषय ऐकून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने अकलूजमध्ये उभं राहून फिश टँकच्या पाण्यावर इतिहासाचं व्याख्यान द्यायचं, हे काय प्रकरण आहे? पण प्रश्न मी घडवलेला नाही. आपल्या घराघरांतून तो विचारला जातो. मुलांच्या हट्टापायी काचेची पेटी आणली जाते, मासे आणले जातात, आणि पंधरा दिवसांत ते मरू लागतात. दुकानदार म्हणतो, "तुमचं बोअरचं पाणी जड आहे, आरओचं घाला." मग आरओचं पाणी घातलं तरी काही ठिकाणी मासे मरतात. आता शुद्ध पाण्यात मासा का मरावा? या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं की 'शुद्ध' या शब्दाचाच इतिहास उलगडायला लागतो. तो आज आपण पाहू.

गढूळ आणि निवळ

आपल्या भाषेपासून सुरुवात करू. पाणी स्वच्छ होणं यासाठी मराठीत 'निवळणं' असं क्रियापद आहे. निवळी नावाचं झाड आहे, त्याचं बी घड्याच्या आत उगाळायचं, म्हणजे गाळ तळाशी बसतो. संस्कृतात त्याला कतक म्हणतात. सुश्रुतसंहितेत पाणी स्वच्छ करण्याच्या साधनांमध्ये कतक येतं, आणि 'आत्मबोध' या शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या प्रकरणग्रंथात त्याचा सुंदर दृष्टान्त आहे. कतकाची पूड पाण्यातला मळ खाली बसवते आणि शेवटी स्वतःही खाली बसते. तसंच ज्ञान अज्ञान घालवतं आणि स्वतःही उरत नाही. वर्गात हा दृष्टान्त मी बऱ्याच वेळा सांगितला आहे. पण आज त्याच्या दुसऱ्या बाजूकडे पाहू. कतकाने जातो तो मळ डोळ्यांना दिसणारा. मीठ कतकाने जात नाही.

आपल्या जुन्या मंडळींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. वैशेषिकांनी आणि नैयायिकांनी सांगितलं की पाण्याची स्वाभाविक चव मधुर, एवढी एकच. मग विहिरीचं पाणी खारट का लागतं? तर त्यात पृथ्वीचा अंश मिसळला म्हणून. पाणी मुळात एकसारखं, भेद येतो तो संगतीने. आयुर्वेदाने याच धाग्याने आकाशातून पडणाऱ्या पाण्याला श्रेष्ठ मानलं, आणि ते जमिनीवर पडलं की त्या जमिनीचे गुणदोष घेतं असं म्हटलं. आज मीटर लावून आपण जे मोजतो, त्याची कल्पना इथे आहे. मोजमाप मात्र नव्हतं.

दुसरा टप्पा जंतूंचा. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या वाऱ्यांमध्ये पटकीने किती माणसं गेली याच्या नोंदी सरकारी दप्तरांत आहेत. १८५४ मध्ये लंडनमध्ये जॉन स्नो यांनी दाखवलं की पटकी पाण्यातून पसरते. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात तिच्या जंतूचा अभ्यास केला. म्हणजे निवळ दिसणारं पाणीही मारक असू शकतं, हे कळलं. त्यातून पुढे क्लोरीन आलं, आपल्या ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर आली. आता शुद्ध याचा अर्थ 'जंतू नसलेलं' असा झाला.

तिसरा टप्पा विरघळलेल्या क्षारांचा, आणि तो आपल्या नीरेच्या खोऱ्यात फार लवकर आला.

नीरेचं खोरं आणि मिठफुटी

अकलूज नीरेच्या काठी आहे. माळशिरस तालुका अवर्षणाचा, काळ्या जमिनीचा, खाली बेसॉल्टचा खडक. या खडकातून आणि मातीतून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेतं. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणतात, कारण साबणाला फेस येत नाही. घरी आपण म्हणतो 'जड पाणी', कारण डाळ लवकर शिजत नाही आणि पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो.

नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. पुरंदर, बारामती, इंदापूर या भागाला पाणी मिळालं आणि ऊस आला. वीस-पंचवीस वर्षांत लोकांच्या लक्षात आलं की चांगल्या जमिनींवर पांढरी फुली येत आहे, पीक जळत आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी याचा अभ्यास केला आणि १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या क्षारजमिनींवर एक पुस्तिका प्रसिद्ध झाली. कारण साधं होतं. कालव्याचं पाणी भरमसाट दिलं, निचरा नाही, भूजलाची पातळी वर आली. उन्हाने पाणी उडून गेलं. त्याच्यातले क्षार मात्र उडाले नाहीत, ते मातीत वर येऊन बसले. १९१६ मध्ये मुंबई सरकारने सिंचनाच्या प्रश्नांसाठी खास विभाग काढला. त्यातूनच पुढे खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र उभं राहिलं.

आपल्या भागात पाणी आलं ते उजव्या कालव्याने. भाटघरचं मोठं धरण १९२८ च्या सुमारास पुरं झालं, फलटण-माळशिरसला पाणी मिळालं. सासवडकडचे माळी बागायतदार इकडे आले, १९३२ मध्ये माळीनगरच्या साखर कारखान्याची स्थापना झाली. पुढे शंकरराव मोहिते-पाटलांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला. या पाण्याने आपली घरं उभी केली, शाळा-कॉलेजं उभी केली. हे मी कधीच विसरायला सांगणार नाही. पण मॅन-ताम्हण्यांच्या कामातून निघणारी एक गोष्ट डोक्यात ठेवा, शेवटपर्यंत लागणार आहे: पाणी निघून जातं, क्षार निघून जात नाहीत. ते फक्त जागा बदलतात.

काचेच्या पेटीचा इतिहास

आता माशांकडे वळू. मासे पाळणं, त्यांना खाऊ घालणं हा आपल्याकडे जुना छंद आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मत्स्यविनोद नावाचं प्रकरण आहे. त्यात तीसहून अधिक माशांची नावं आहेत, गोड्या पाण्यातले कोणते, समुद्रातले कोणते हे सांगितलं आहे, आणि कुणाला काय खाऊ घालावं तेही. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या सोलापूरपासून फार लांब नाही. पण हे मासे नदी-तळ्यातले. मासा तिथल्याच पाण्यात राहायचा. पाणी माशाजवळ आणायचा प्रश्न नव्हता.

तो प्रश्न काचेच्या पेटीने आणला. ब्रिटनमध्ये १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने लंडनमध्ये आपला प्रयोग मांडला. बारा गॅलनच्या काचपात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. वनस्पतीने प्राणवायू द्यायचा, माशांनी तो वापरायचा. काही दिवसांनी वनस्पतीची पानं कुजली, पाणी गढूळ झालं. मग त्याने गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी पुन्हा निवळलं. बघा, त्याने पाणी 'शुद्ध' केलं ते काही काढून नव्हे, एक जीव वाढवून. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने घरोघरी हे वेड पोचलं.

आपल्याकडे १९५१ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झालं. शाळेच्या सहलीत ते पाहिलेली पिढी इथे बसलेली आहे. त्या मत्स्यालयाला समुद्र दारात होता. अकलूजला समुद्र नाही, ॲमेझॉनही नाही. पण दुकानात निऑन टेट्रा मिळतो. हा ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला मासा, १९३६ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. डिस्कस मिळतो, तोही तिथलाच. त्या भागातल्या अनेक ओढ्यांच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. त्या माशाला आपण बोअरच्या पाण्यात सोडतो.

मनुका, लोणचं आणि आरओ

इथे आरओ येतं. ते समजायला प्रयोगशाळा नको, स्वयंपाकघर पुरे. मनुका पाण्यात टाकली की फुगते. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. पाणी कमी दाट बाजूकडून जास्त दाट बाजूकडे सालीतून जातं. त्याला परासरण म्हणतात. १७४८ मध्ये फ्रान्समध्ये नोले या धर्मगुरूने हे पहिल्यांदा नीट नोंदवलं. मद्यार्काचं भांडं प्राण्याच्या मूत्राशयाच्या कातडीने बांधून पाण्यात ठेवलं, तर कातडी फुगली.

पुढचं पाऊल साखरेच्या गावाने लक्षात ठेवावं असं आहे. १८७७ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ पेफर यांनी हा दाब मोजला, आणि मोजायला वापरली ती साखर. एक टक्का साखरेच्या द्रावणाने सुमारे ५३५ मिलिमीटर पाऱ्याचा दाब दिला, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दोन-तृतीयांशाहून थोडा जास्त. या आकड्यांवरून व्हांट हॉफ यांनी परासरणाचा नियम बांधला आणि १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलंच नोबेल त्यांना मिळालं.

आता उलटा विचार करा. क्षार असलेल्या बाजूने या दाबापेक्षा जास्त दाब दिला, तर पाणी उलट दिशेने येईल आणि क्षार मागे राहतील. हेच उलट परासरण, रिव्हर्स ऑस्मॉसिस, आरओ. तत्त्व सोपं, पण क्षार अडवून पुरेसं पाणी सोडणारा पडदा मिळेना. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी तो बनवला. सौरिराजन आपल्या भारतातले. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा या खाऱ्या पाण्याच्या गावाला आरओचा नळ मिळाला. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने यावर बरंच काम केलं. आणि गेल्या पंचवीस वर्षांत तेच यंत्र आपल्या ओट्यावर आलं, गावात जारचं पाणी आलं.

मग मासा का मरतो?

आता मूळ प्रश्न. गोड्या पाण्यातला मासा म्हणजे पाण्यात टाकलेली मनुकाच. त्याच्या रक्तात क्षार जास्त, बाहेर कमी. कल्ल्यांतून पाणी सतत आत शिरतं, क्षार बाहेर पाझरतात. त्याचं मूत्रपिंड रात्रंदिवस पाणी उपसत असतं आणि कल्ले बाहेरच्या पाण्यातून क्षार वेचून घेत असतात. बाहेर क्षार जवळजवळ उरलेच नाहीत तर तो वेचणार काय? नुसतं आरओचं पाणी त्याला झेपत नाही.

दुसरं कारण तितकंच महत्त्वाचं. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया होतो. पेटीतले जीवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि त्यात आम्ल तयार होतं. बोअरच्या पाण्यातले कार्बोनेट हे आम्ल पोटात घेतात. आरओच्या पाण्यात कार्बोनेट नाहीत, म्हणून पाण्याची आम्लता अचानक वाढते, जीवाणूंचं काम मंदावतं आणि मासे जातात. तिसरं कारण आपली घाई. जड पाण्यातला मासा एका दुपारी आरओच्या पाण्यात टाकला, तर त्याच्या शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही.

म्हणून जाणकार लोक मिसळ करतात. उदाहरणापुरते आकडे घेऊ. समजा बोअरचा टीडीएस १२००, आरओचा ५०, आणि तुम्हाला २५० हवा आहे. तर शंभर लिटरमध्ये बोअरचं सतरा-साडेसतरा लिटर, बाकी आरओचं. पण टीडीएसचं मीटर फक्त एकूण क्षार सांगतं, कोणते ते सांगत नाही. म्हणून कठीणपणा आणि कार्बोनेट मोजण्याच्या थेंबांच्या बाटल्या मिळतात, त्या घ्याव्यात. आणि घरी सॉफ्टनर बसवला असेल तर फसू नका. तो कॅल्शियमच्या जागी सोडियम घालतो. साबणाला फेस येईल, पण एकूण क्षार कमी होत नाहीत. ॲमेझॉनच्या माशाला ते पाणी उपयोगाचं नाही.

समुद्री मासे पाळणाऱ्यांची गंमत तर पाहा. ते आरओने सगळे क्षार काढतात, आणि मग लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठमिश्रण पुन्हा घालतात. हा वेडेपणा नाही. काय आहे ते ठाऊक नसलेलं पाणी कोरं करून, ठाऊक असलेलं घालायचं असतं. 'शुद्ध' हा इथे मुक्काम नाही, ती कोरी पाटी आहे.

सांडलेल्या पाण्याचा हिशेब

आता ज्याच्यासाठी हा विषय घेतला त्या मुद्द्यावर येतो. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर सांडतं. यंत्र नवं-जुनं, दाब कमी-जास्त, तसा फरक पडतो. पण मोठा हिस्सा नळीवाटे जातो. शंभर लिटरची पेटी, आठवड्याला पंचवीस लिटर पाणी बदललं, त्यात वरच्या मिसळीप्रमाणे एकवीस लिटर आरओचं, म्हणजे बासष्ट-त्रेसष्ट लिटर मोरीत. आठवड्याला. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट पाहतात तिथे, चार रंगीत माशांसाठी.

मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सांगितलं की ज्या पाण्याचा टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहे तिथे आरओवर बंदी घालावी, आणि जिथे वापरायचं तिथे साठ टक्क्यांहून अधिक पाणी हाती लागलं पाहिजे. यामागचं तत्त्व माणसांच्या पाण्याबद्दल होतं, माशांना तर ते आणखीच लागू आहे.

काही जण म्हणतील, सांडलेलं पाणी आम्ही वाया घालवत नाही, कुंड्यांना घालतो. इथेच मॅन आणि ताम्हणे पुन्हा उभे राहतात. १२०० चं पाणी आत गेलं, ५० चं बाहेर आलं. मग बाकीचे क्षार कुठे गेले? त्या तीन लिटरमध्ये. त्याचा टीडीएस सोळाशेच्या घरात जातो. ते रोज कुंडीत घातलं, वरून ऊन पडलं, की वर्षा-दोन वर्षांत कुंडीच्या कडेला पांढरी फुली दिसते. नीरेच्या खोऱ्याचा इतिहास तुमच्या गॅलरीत घडतो. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला, गाडी धुवायला वापरा. झाडांना एखाद्या वेळी ठीक, रोज नको.

मग करावं काय? पहिलं, आपल्या पाण्याला साजेसा मासा निवडावा. तुम्हाला गप्पी मासे माहीत आहेत. मलेरिया-डेंग्यूच्या अळ्या खायला प्राथमिक आरोग्य केंद्रवाले हौदात, डबक्यात सोडतात तेच. मूळचे दक्षिण अमेरिकेतले, पण जड पाण्यात उत्तम जगतात. अकलूजच्या पाण्यात आधीच यशस्वी झालेला मासा समोर असताना आपण त्याला फुकटचा म्हणून हिणवतो. मॉली आहे, आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड आहेत, त्यांना जड पाणीच आवडतं. यांच्यासाठी आरओ लावणं म्हणजे उंटाला छत्री धरणं.

दुसरं, डिस्कस पाळायचाच असेल तर पावसाचं पाणी साठवा. आपल्या पूर्वजांनी ज्याला श्रेष्ठ म्हटलं ते हेच, आणि ते मुळातच क्षारहीन असतं. फक्त गळीत हंगामात गच्चीवर पडलेली बगॅसची काजळी पहिल्या दोन-तीन पावसांत धुऊन जाऊ द्या, मग साठवा. यातही थोडं बोअरचं मिसळावं लागेल, कारण आत्ता सांगितलं तेच. तिसरं, आरओ वापरलाच तर सांडलेल्या पाण्यासाठी बादली ठेवा आणि आठवड्याचा आकडा भिंतीवर लिहा. आकडा दिसला की माणूस आपोआप विचार करतो.

एका प्रश्नाचं उत्तर

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: "सर, मग आम्ही प्यायला आरओ वापरावा की नाही?" ताई, तुमच्या बोअरचा टीडीएस आणि नायट्रेट तपासून घ्या. बागायती भागात खतातून नायट्रेट भूजलात उतरतं, ते ना डोळ्यांना दिसतं ना चवीला कळतं. तपासणीचा कागद हातात आल्यावर ठरवा. शेजारणीने घेतला म्हणून घेऊ नका आणि मी भाषण केलं म्हणून काढूनही टाकू नका.

तत्त्वज्ञानात आम्ही एक सवय लावून घेतो. कुणी एखादं विशेषण वापरलं की विचारायचं, कशाच्या संदर्भात? 'शुद्ध' म्हटलं की दोन प्रश्न विचारा. कशापासून शुद्ध? आणि कुणासाठी शुद्ध? डाळीला एक पाणी चांगलं, उसाला दुसरं, गप्पीला तिसरं, डिस्कसला चौथं. आणि तिसरा प्रश्न, जो नीरेच्या खोऱ्याने शंभर वर्षांपूर्वी विचारला: जे काढलं, ते कुठे ठेवलं? घरातल्या मुलांना मासे दाखवताना हा तिसरा प्रश्नही दाखवा. काचेच्या पेटीइतकी चांगली शाळा त्यासाठी दुसरी मिळणार नाही.